टपालपेटीपासून पडद्यापर्यंत : घरी बसून शिकणाऱ्याची तयारी

दरवर्षी जून महिन्यात बारावी झालेली मुले दाखला न्यायला येतात, तेव्हा अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो. "सर, कॉलेजचे काही विषय आता ऑनलाइन करता येतात. त्यासाठी लॅपटॉप घ्यावाच लागेल का? मोबाइलवर भागेल का?" प्रश्न रास्त आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमाचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयम्'सारख्या व्यासपीठावरून मिळवता येतात. आणि लॅपटॉप घ्यायचा तर अनेक घरांत त्यासाठी उसनवारी करावी लागते. त्यामुळे विचारणाऱ्याला नीट उत्तर देणे हे आपले कामच आहे.

आम्ही बरेच दिवस या प्रश्नाला यंत्राचेच उत्तर देत होतो : एवढी मेमरी, एवढा पडदा, अमुक इतका वेग. पुढे आमच्यातल्याच सहा शिक्षकांनी बारा आठवड्यांच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाला नावे नोंदवली. यंत्रे सगळ्यांकडे चांगली होती. शेवटच्या परीक्षेला बसले दोघे. त्यांतल्या एका बाई सगळा अभ्यास जुन्या मोबाइलवर, रोज पहाटे पाच ते सहा या वेळात करत होत्या. उरलेल्या चौघांचे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच सुटले. अडचण यंत्राची नव्हती. मग ती कशाची होती?

याचे उत्तर शोधताना आम्हाला जाणवले की, शिक्षक एका गावी आणि विद्यार्थी दुसऱ्या गावी हा प्रकार संगणकाहून कितीतरी जुना आहे. जवळजवळ तीनशे वर्षे माणसे अशी शिकत आली आहेत. त्यांची साधने बदलत गेली. त्यांची अडचण मात्र फारशी बदलली नाही.

पाकिटातला वर्ग

२० मार्च १७२८ च्या 'बोस्टन गॅझेट' या वर्तमानपत्रात केलेब फिलिप्स नावाच्या शिक्षकाची जाहिरात छापून आली. तो लघुलेखन शिकवत असे. गावोगावच्या लोकांना दर आठवड्याला धडे पाठवले जातील आणि ते बोस्टनमध्ये राहणाऱ्यांइतकेच उत्तम शिकतील, असा त्याचा दावा होता. दूरशिक्षणाच्या इतिहासात ही जाहिरात पहिली म्हणून सांगितली जाते. पण ती बारकाईने वाचली तर एक गोष्ट खटकते. धडे जातील असे तीत आहे. विद्यार्थ्याने लिहिलेले तपासून परत मिळेल, असे कुठेच नाही.

ही उणीव भरून निघायला स्वस्त टपालाची वाट पाहावी लागली. इंग्लंडमध्ये पूर्वी पत्राचा आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागले. त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी टपालाने शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थ्याने बायबलमधला उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचा, पिटमन यांनी तो तपासून परत धाडायचा. हा सगळा व्यवहार पोस्टकार्डावर चाले असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. इंग्लंडमध्ये पोस्टकार्ड आले १८७० साली. आपल्याकडे ते १८७९ मध्ये, पाव आण्यात मिळू लागले.

फिलिप्स आणि पिटमन यांच्यातला फरक शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. फिलिप्सची जाहिरात पाठ पोचवण्याचे आश्वासन देते. पिटमन यांनी चूक परत पोचवली. 'मी लिहिलेले कोणीतरी वाचणार आहे' ही जाणीव विद्यार्थ्याला पुढचा धडा लिहायला बसवते.

परीक्षा आली, शिक्षक राहिला

१८५८ साली लंडन विद्यापीठाने एक मोठे पाऊल उचलले. कोणत्याही महाविद्यालयात न गेलेल्यांनाही परीक्षेला बसण्याची परवानगी मिळाली. (याच विद्यापीठाचा नमुना समोर ठेवून आदल्या वर्षी, म्हणजे १८५७ मध्ये, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे स्थापन झाली होती.) नोकरी करणारे, दूर राहणारे कितीतरी लोक यामुळे पदवीपर्यंत पोचू शकले. पण विद्यापीठ परीक्षा घेई, शिकवत नसे. ही पोकळी खासगी संस्थांनी भरून काढली. विल्यम ब्रिग्ज यांनी १८८७ मध्ये केंब्रिजला काढलेले 'युनिव्हर्सिटी करस्पॉण्डन्स कॉलेज' हे त्यांतले नावाजलेले. विज्ञानकथांमुळे आपल्याला माहीत असलेले एच. जी. वेल्स यांनी काही काळ या संस्थेत जीवशास्त्राचे शिक्षक म्हणून काम केले होते.

अमेरिकेत बोस्टन येथे अ‍ॅना टिकनॉर यांनी १८७३ साली स्त्रियांसाठी घरच्या घरी अभ्यासाला उत्तेजन देणारी संस्था सुरू केली. त्या काळी स्त्रियांना महाविद्यालयांचे दरवाजे फारसे खुले नव्हते. संस्था पुस्तके टपालाने उसनी देई. प्रत्येक सभासद स्त्रीला एक मार्गदर्शिका नेमून दिलेली असे, आणि दोघींत दरमहा पत्रव्यवहार होई. वाचलेला भाग पुस्तक मिटून आठवणीतून लिहून काढायचा, अशी अभ्यासाची रीत होती. १८९७ पर्यंत चाललेल्या या संस्थेतून सात हजारांहून जास्त स्त्रिया शिकल्या. पदवी नाही, नोकरीची हमी नाही. तरीही त्या टिकल्या.

'पुस्तक मिटून लिहिणे' ही रीत किती शहाणपणाची होती याचा पुरावा पुष्कळ उशिरा मिळाला. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून नंतर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र पारडे फिरले. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. परत परत वाचले की आपल्याला येते असे वाटते. येते की नाही, हे पुस्तक मिटल्यावरच कळते.

ठरलेल्या वेळचा वर्ग

विसाव्या शतकात रेडिओ आला, पाठोपाठ दूरचित्रवाणी आली. ८ सप्टेंबर १९६३ रोजी ग्लासगो येथे केलेल्या भाषणात ब्रिटनमधील मजूर पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी आकाशवाणी-दूरचित्रवाणीवरून चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढे ते पंतप्रधान झाले आणि जेनी ली या मंत्रीबाईंनी ती कल्पना चिकाटीने पुढे नेली. १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली, आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे चोवीस हजार विद्यार्थ्यांचा पहिला गट अभ्यासाला लागला. प्रवेशासाठी आधीच्या कोणत्याही परीक्षेची अट नव्हती.

या विद्यापीठाचे नाव निघाले की दूरचित्रवाणी आठवते. प्रत्यक्षात अभ्यासाचा मुख्य भार छापील पुस्तिकांवर होता. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगाच्या साहित्याची पेटी घरपोच मिळे. तीत एक लहानसा सूक्ष्मदर्शकही असे. स्वाध्याय तपासायला शिक्षक नेमलेले होते, जवळपास अभ्यासकेंद्र होते आणि उन्हाळ्यात निवासी वर्ग भरत. कार्यक्रम ठरलेल्या वेळीच लागे. तेव्हा घरोघरी ध्वनिचित्रमुद्रक नव्हते, त्यामुळे चुकला तो चुकला. आज हे गैरसोयीचे वाटेल. पण या गैरसोयीचा एक फायदा होता : अभ्यासाची वेळ विद्यार्थ्याच्या लहरीवर राहत नसे.

पहिल्याच महिन्यात या व्यवस्थेची कसोटी लागली. २० जानेवारी १९७१ पासून ब्रिटनच्या टपाल कामगारांनी संप केला आणि तो मार्चपर्यंत चालला. पाठ आणि स्वाध्याय टपालाने पाठवणाऱ्या विद्यापीठावर यापेक्षा वाईट वेळ कोणती येणार? विद्यापीठ त्यातून तरले. पाठ एकाच वाटेवर अवलंबून ठेवला नसेल तर एक वाट बंद झाली म्हणून शिक्षण बंद पडत नाही.

आपल्याकडे

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा 'साइट' हा प्रयोग झाला. विक्रम साराभाईंच्या दूरदृष्टीतून आलेल्या या प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम पोचले. त्यातच प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञानाचे प्रशिक्षणही होते. शिक्षकांना केवळ पडद्यासमोर बसवले नव्हते. जोडीला रेडिओ होता, करून पाहायच्या कृतींची पुस्तिका होती, आणि केंद्रावर मदतीला माणूस होता.

१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'देशव्यापी वर्ग' दूरदर्शनवर दिसू लागला. कार्यक्रम चांगले असत. पण पडद्याला प्रश्न विचारता येत नसे. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद आणि राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. मराठीत शिकता येईल अशी स्वयं-अध्ययनाची पुस्तके, तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेली अभ्यासकेंद्रे, रविवारची संपर्कसत्रे आणि तिथले संमंत्रक हे सगळे आपल्यातल्या कित्येकांनी पाहिले आहे. काहींनी पदवीही तशीच घेतली आहे. रविवारच्या सत्राला जाणारा विद्यार्थी आठवडाभरात अडलेले प्रश्न वहीत लिहून नेई. ती वही हीच त्याची खरी तयारी होती.

पडदा बोलू लागला

संगणकावरून शिकवण्याचा 'प्लेटो' हा प्रयोग अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये सुरू केला. संगणक प्रश्न विचारी, उत्तर तपासून लगेच चूक की बरोबर ते सांगे. १९७३ मध्ये या जाळ्यावर एकमेकांना निरोप लिहिण्याची सोय झाली आणि ती विलक्षण लोकप्रिय ठरली. यंत्राचे उत्तर कितीही चटकन मिळाले, तरी माणसाला माणसाशी बोलायचे असते.

२००१ मध्ये एम.आय.टी. या संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य इंटरनेटवर सर्वांना मोफत खुले करण्याचे जाहीर केले. आपल्याकडे आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ पासून 'एनपीटेल' उभारले. २०१२ मध्ये एम.आय.टी.ने विद्युत् मंडलांवरचा आपला पहिला खुला ऑनलाइन अभ्यासक्रम चालवला. त्याला १,५४,७६३ जणांनी नावे नोंदवली. प्रमाणपत्र मिळाले ७,१५७ जणांना, म्हणजे शंभरातल्या पाचांनाही नाही. यात नुसते डोकावायला आलेले पुष्कळ होते, त्यामुळे उरलेले सगळे नापास झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही आकडा बोलका आहे. दार उघडणे आणि आत आलेल्याला शेवटपर्यंत नेणे ही दोन वेगळी कामे आहेत. पुढे 'एनपीटेल'ने दर आठवड्याला मुदतीचा स्वाध्याय आणि केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा अशी रचना केली. ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' सुरू झाले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सगळ्या देशालाच एका रात्रीत दूरचा विद्यार्थी व्हावे लागले. त्यासाठी आपण किती तयार होतो? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भागातील शंभरांपैकी सुमारे ४ घरांत संगणक होता आणि १५ घरांत इंटरनेटची सोय होती. शहरांत हेच आकडे सुमारे २३ आणि ४२ होते. एका मोबाइलवर तीन भावंडांचे वर्ग, झाडावर चढून शोधलेली रेंज हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून 'सवय महत्त्वाची, यंत्र गौण' असे आम्ही म्हणणार नाही. पत्राला तिकीट लागतेच. फक्त तिकीट लावले म्हणजे पत्र लिहून झाले, असे समजू नये.

यंत्राची तयारी : थोडे गणित

पंचेचाळीस मिनिटांचा एक पाठ घेऊ. त्याचे चित्र साध्या प्रतीचे, सेकंदाला ५०० किलोबिट लागणारे आहे असे धरू. पंचेचाळीस मिनिटे म्हणजे २,७०० सेकंद. २,७०० × ५०० = १३,५०,००० किलोबिट; त्याला ८ ने भागले की १,६८,७५० किलोबाइट, म्हणजे सुमारे १६९ मेगाबाइट. तोच पाठ नुसत्या आवाजात, सेकंदाला ३२ किलोबिट दराने ऐकला तर १०.८ मेगाबाइट. आणि लिहिलेला असेल तर? युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. शब्दाला सरासरी सहा चिन्हे धरली तर दोन हजार शब्दांचा मजकूर होतो अवघा ३८ किलोबाइट. म्हणजे चित्राच्या एका पाठात असे चार हजारांहून जास्त लेख मावतील. हे गणित नववी-दहावीच्या वर्गात करून घेण्यासारखे आहे.

यातून व्यवहाराचे काही नियम निघतात. पाठाचा मजकूर आधी उतरवून घ्यावा, मग आवाज, चित्र शेवटी. आणि तेही जिथे जोडणी चांगली मिळते तिथे आधीच उतरवून ठेवावे. जोडणीचा वेग आपण ज्या वेळी अभ्यास करणार त्याच वेळी तपासावा, कारण रात्री सगळे गाव जाळ्यावर असते. पाठ उतरवण्याचा वेग आणि आपला स्वाध्याय चढवण्याचा वेग वेगळा असतो, दोन्ही पाहावेत. माइक असलेला साधा इअरफोन एका खोलीच्या घरात मोठ्या पडद्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर त्याआधी बॅटरी भरून घ्यावी. मराठीत लिहायचे तर युनिकोडमध्येच लिहावे. जुन्या टंकात लिहिलेली उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या यंत्रावर अगम्य चिन्हांची रांग होऊन उघडते. आणि लिहिलेल्या प्रत्येक स्वाध्यायाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. १९७१ चा टपालसंप आठवावा. आज संपाऐवजी रेंज जाते, एवढाच फरक.

एवढे असेल तर बहुतेक विषयांना बरा मोबाइल चालतो. लांब निबंध लिहायचा असेल, आज्ञावली लिहायची असेल किंवा आकडेमोडीचे तक्ते करायचे असतील तर कळफलकाचा संगणक लागतो. तो स्वतःचाच हवा असे नाही. महाविद्यालयातला, ग्रंथालयातला चालतो. मात्र तिथली वेळ आधी ठरवून घ्यावी.

सवयीची तयारी

इतिहासातून दिसणाऱ्या सवयी चारच आहेत. वेळ ठरलेली असावी. दूरचित्रवाणीने ती बाहेरून ठरवून दिली होती. आज पाठ केव्हाही पाहता येतो, आणि म्हणूनच तो उद्यावर जातो. त्या वेळात मोबाइलवरचे निरोप बंद ठेवावेत. पाठ संपला की पडदा झाकून दहा मिनिटे वहीत आठवणीतून लिहावे. अडलेला प्रश्न त्याच आठवड्यात कोणाला तरी विचारावा. आणि शक्य असेल तर दोघातिघांनी मिळून एकाच अभ्यासक्रमाला नाव घालावे.

आपल्याला यात काय करता येईल? अकरावीच्या वर्गात एक छोटा प्रयोग करून पाहावा. एका प्रकरणापुरता आठवडा वर्गात शिकवू नये. मजकूर आणि ध्वनिमुद्रित पाठ मुलांना द्यावा, ज्यांच्याकडे साधन नाही त्यांना शाळेच्या संगणकावर वेळ नेमून द्यावी, आणि शुक्रवारी स्वाध्याय घ्यावा. शनिवारी कोण कुठे अडले याची मोजदाद वर्गानेच करावी : किती जण साधनामुळे, किती जण वेळेमुळे आणि किती जण विचारायला कोणी नव्हते म्हणून. मुलाला स्वतःची अडचण कळण्यासाठी हा आठवडा पुरतो. तीच अडचण महाविद्यालयात, फी भरल्यानंतर कळली तर फार महाग पडते.

आता जूनमध्ये मुले विचारायला आली की आम्ही यंत्राचे नाव सांगण्याआधी त्यांना एका कागदावर तीन ओळी लिहायला लावतो. कोणत्या यंत्रावर शिकणार? रोज कोणत्या वेळी? आणि अडले तर कोणाला विचारणार? पहिली ओळ चटकन भरली जाते. दुसरीला थोडा विचार होतो. तिसरी बहुतेकांची कोरीच राहते. सध्या त्या ओळीवर आम्ही त्यांना आमच्यापैकी कोणाचे तरी नाव लिहायला सांगतो.